डायनोसॉर कोणामुळे संपले: आकाशातून आलेल्या धोंड्यामुळे की आपल्या सह्याद्रीमुळे?

वैराटगड

नमस्कार. माझे माहेर आणि सासर दोन्ही वाईचे. ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट आणि मेणवली यांच्यासाठी आमचे गाव ओळखले जाते, एवढे ठाऊक होते. पण जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या लेखांमध्ये ‘वाई उपगट’ असे एक नाव वारंवार येते आणि ते आमच्याच गावावरून ठेवलेले आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर समजले, तेही दहा वर्षांच्या भाच्यामुळे.

भाचा दिवाळीच्या सुटीत आला होता. त्याच्या पुस्तकात लिहिले होते की ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत एक प्रचंड लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. त्याने विचारले, “मावशी, मेक्सिको एवढे लांब, मग आपल्याकडचे डायनोसॉर कसे मेले?” उत्तर शोधायला बसले, तेव्हा कळले की त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हाचे पूर वाहत होते, ज्या डोंगरांवर आम्ही वाढलो ते त्याच लाव्हाचे आहेत, आणि या विनाशात त्यांचाही हात असावा असे मानणारे मोठे शास्त्रज्ञ आहेत. गेल्या दहा वर्षांत यावर बरेच नवे संशोधन झालेले दिसते, पण एक लेख जे सांगतो ते दुसरा खोडतो.

इथे भूशास्त्र जाणणारे सभासद आहेत. आज हे संशोधन नेमके कुठवर आले आहे, आणि मी भाच्याला काय सांगावे?

अनुस्वार

फार चांगला प्रश्न. उत्तरे वाचण्यासाठी इथेच थांबतो.

बेसाल्टवाट

वैराटगडताई, तीस वर्षे महाविद्यालयात भूशास्त्र शिकवले, त्यामुळे आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. उत्तर थोडे लांबेल.

आधी पायाखालचे पाहू. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे, तो एखाद्या शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून उसळलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरत गेला. एक थर आला, निवला, त्यावर ऊनपाऊस झाला, कुठे माती तयार झाली, कुठे तळी साचली, आणि मग पुढचा थर आला. असे थरावर थर चढून पश्चिम घाटात दीड-दोन किलोमीटर जाडीचा ढीग झाला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कठीण थरांचे उभे कडे आणि ठिसूळ थरांचे उतार यांमुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूशास्त्रातला ‘ट्रॅप’ हा शब्दसुद्धा पायरीला असलेल्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून आलेला आहे.

हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे इगतपुरी-कळसूबाईकडचे थर जुने आणि महाबळेश्वर-पन्हाळ्याकडचे नवे. थरांची नावे गावांवरूनच पडली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यांतील वरच्या, म्हणजे पोलादपूरपासून पुढच्या थरांच्या गटाला वाई उपगट म्हणतात आणि एकूण लाव्हाचा फार मोठा वाटा याच गटात आहे.

आता लघुग्रहाची बाजू. १९८० साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी दोन सहकाऱ्यांसह इटलीतल्या गुब्बिओ इथल्या चिकणमातीच्या पातळ थरात इरिडियम हे मूलद्रव्य अवाजवी प्रमाणात सापडल्याचे जाहीर केले. पृथ्वीच्या कवचात ते अत्यल्प असते आणि अशनींमध्ये भरपूर, म्हणून त्यांनी मोठ्या आघाताची कल्पना मांडली. १९९१ मध्ये युकातान द्वीपकल्पातले चिक्षुलूब इथले सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे गाडले गेलेले विवर त्या आघाताचे म्हणून ओळखले गेले. २०१६ मध्ये समुद्रातून छिद्र पाडून त्या विवरातल्या खडकाचा लांब दांड्यासारखा नमुना, म्हणजे गाभा, काढला आणि २०२१ मध्ये खुद्द विवरातही इरिडियमचा थर सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यामुळे आघात झाला की नाही, हा वाद आता उरलेला नाही. वाद उरला आहे तो सह्याद्रीच्या वाट्याचा.

दख्खनचा लाव्हा भूवैज्ञानिक दृष्टीने फार थोड्या काळात बाहेर आला, हे १९८६ मध्ये फ्रान्सच्या विन्सेंट कूर्तियो यांच्या गटाने खडकांतल्या चुंबकत्वावरून दाखवले होते. पण ‘थोडा काळ’ म्हणजे किती, आणि त्यातला लाव्हा आघाताआधी किती व नंतर किती, हे ठरवण्याइतक्या अचूक तारखा तेव्हा मिळत नव्हत्या. त्या मिळाल्या २०१५ नंतर. त्याविषयी सवडीने लिहितो.

मोरपीस

मी कोलोरॅडोत राहते. इथे ट्रिनिडॅड गावाजवळच्या उद्यानात लाँग्ज कॅन्यन नावाची घळ आहे आणि तिथे बेसाल्टवाट सरांनी सांगितलेला तो इरिडियमचा थर उघडा पडलेला आहे. दोन वर्षांपूर्वी मी तो मुद्दाम पाहून आले. खाली करडे-तपकिरी खडक, वर दगडी कोळशाची काळी रेघ, आणि मधोमध फिकट, जवळजवळ पांढरी अशी बोटभरही नसलेली पट्टी. तिथे माहितीचा फलक नसता तर मी तशीच पुढे गेले असते. त्या पट्टीच्या खाली डायनोसॉरचे जग आहे आणि वर ते नाही, ही गोष्ट तिच्यासमोर उभे राहिल्यावर अंगावर येते.

सर, अशी पट्टी सह्याद्रीत कुठे आहे का?

बेसाल्टवाट

मोरपीसताई, नाही, आणि साऱ्या वादाचे मूळ तिथेच आहे. सह्याद्रीच्या लाव्हाथरांत ती इरिडियमची पट्टी सापडलेली नाही. कच्छमध्ये अंजारजवळ लाव्हाच्या थरांमधल्या गाळात इरिडियम मिळाले, पण ते याच घटनेचे आहे यावर एकमत झाले नाही. त्यामुळे आपल्या डोंगरात आघाताची रेघ कुठे ओढायची, हे डोळ्यांनी ठरत नाही, तारखांवरून ठरवावे लागते.

दिवेघाट

आमच्या घराण्यात तीन पिढ्या पुरंदर तालुक्यात विहिरी खणण्याचे काम झाले. थरांविषयी सरांनी लिहिले, म्हणून आमच्याकडचे शब्द सांगतो. वरून माती गेली की मुरूम लागतो, मग मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकांचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, आणि मग अखंड काळा पाषाण. आजोबा पहारीच्या आवाजावरून पुढे काय येणार ते सांगत. मांजऱ्यावर पहार बद्द वाजते, पाषाणावर खणखणते. मध्येच कधी वीतभर, कधी हातभर जाडीचा लाल पट्टा लागतो, त्याला आम्ही गेरू म्हणतो. तो नखाने खरवडता येतो आणि ओला झाला की बोटांना चिकटतो. गेरूच्या वरच्या अंगाने पाणी पाझरताना आम्ही अनेकदा पाहिले आहे. आजोबांचा दंडक असा की गेरू लागला आणि वर पुरेसे पाणी असेल, तर तो फोडायचा नाही, नाहीतर असलेले पाणी खाली उतरून जाते.

या गेरूचा आणि तुमच्या संशोधनाचा काही संबंध आहे का?

बेसाल्टवाट

दिवेघाट, आपण ज्यावर बोट ठेवले आहे त्याच पट्ट्यातून या दशकातले सर्वांत महत्त्वाचे आकडे निघाले आहेत.

आपल्या आजोबांचा दंडक भूजलशास्त्राला धरून आहे. तो लाल थर चिकणमातीचा असतो आणि पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर पाणी अडून राहते. घाटात कड्याच्या मध्यावरून झरे फुटलेले दिसतात, त्यांतल्या कित्येकांच्या खाली असाच लाल पट्टा असतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला रेड बोल म्हणतात. एक लाव्हा निवल्यानंतर पुढचा येईपर्यंत जी उसंत मिळाली, तिच्यात तो तयार झाला.

आता तारखांची गोष्ट. खडकाचे वय काढण्याचे सर्वांत भरवशाचे घड्याळ म्हणजे झिरकॉन नावाचा स्फटिक. तो तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ घेत नाही. युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते, म्हणून आज त्यात दोन्ही किती आहेत हे मोजले की स्फटिकाचे वय कळते. अडचण अशी की बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, झिरकॉन सहसा सापडतच नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांचे सहकारी, ज्यांत अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते, यांनी वाट काढली. लाव्हाच्या उसंतीच्या काळात दुसऱ्या, अधिक स्फोटक उद्रेकांची राख उडत येऊन त्या लाल मातीत मिसळली होती आणि त्या राखेत झिरकॉनचे कण होते. घाटांतल्या लाल पट्ट्यांमधून माती गोळा करून, ती धुऊन, गाळून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण वेचून त्यांनी तारखा काढल्या. २०१५ मध्ये त्यांनी लिहिले की मुख्य उद्रेक आघाताच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि एकूण साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला.

बर्कलीच्या पॉल रेने आणि कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने दुसरे घड्याळ वापरले. त्यांच्याबरोबर आयआयटी मुंबईचे कांचन पांडे होते. त्यांनी लाव्हातल्याच फेल्डस्पार स्फटिकांतला आर्गॉन वायू मोजला. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही गटांचे लेख आले. शोन यांच्या मते उद्रेकाचे चार मोठे झटके होते आणि त्यांतला पोलादपूर थरांचा झटका आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. स्प्रेन यांच्या मते लाव्हा बराचसा सलग वाहत होता आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग आघातानंतर बाहेर आला.

दोन्ही गट एकाच घाटांत हिंडले होते, म्हणून तेव्हा आम्ही सगळेच चक्रावलो होतो.

गणिती

इथे एक भर घालतो, कारण वृत्तपत्रांनी ही गोष्ट ‘शास्त्रज्ञांचे भांडण’ म्हणून रंगवली आणि ते मला योग्य वाटले नाही. प्रत्येक तारखेबरोबर तिची त्रुटीमर्यादा असते. झिरकॉनच्या पद्धतीत ती काही दशसहस्र वर्षांची आहे, आर्गॉनच्या पद्धतीत त्याहून बरीच मोठी. २०२१ मध्ये शोन यांच्याच गटाने दोन्ही माहितीसंच एकाच संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासले, तेव्हा त्रुटीमर्यादा लक्षात घेता ते एकमेकांशी सुसंगत निघाले. झटके दिसतात की सलग प्रवाह दिसतो, हा फरक बहुतांशी मोजमापाच्या बारकाईतून येतो. जाड टोकाच्या पेन्सिलीने काढलेली रेघ सरळ दिसते, बारीक टोकाच्या पेन्सिलीने काढली की तिच्यातले चढउतार दिसू लागतात, तसे हे आहे.

सहा कोटी साठ लाख वर्षांत पन्नास हजार वर्षांची चूक म्हणजे हजारात एकापेक्षाही कमी. एवढी अचूकता मिळवणाऱ्या माणसांच्या मतभेदाकडे आदराने पाहिले पाहिजे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

शंकासूर

मी या विषयाचा केवळ वाचक आहे, पण मला ज्वालामुखीचीच बाजू बळकट वाटते आणि त्याची कारणे मांडतो.

पृथ्वीच्या इतिहासातले इतर महाविलोप, म्हणजे जगभरच्या असंख्य जाती एकदम नष्ट झाल्याच्या घटना, पाहा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, सर्वांत भीषण विलोप झाला तेव्हा सायबेरियात असाच लाव्हा पसरत होता. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या विलोपाच्या वेळी अटलांटिक महासागर उघडत होता आणि तिथेही तेच. बहुतेक वेळी लाव्हा हजर आहे, आघात मात्र खात्रीने एकदाच. मग दख्खनला निर्दोष का ठरवायचे? शिवाय २०२३ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातल्या दोन संशोधकांनी उलटी पद्धत वापरली. त्यांनी संगणकाला कोणताही गुन्हेगार आधी सांगितला नाही. समुद्रतळाच्या गाळात नोंदलेले हवामान दिले आणि तसे हवामान होण्यासाठी कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू केव्हा किती यावे लागतील, हे तीन लाखांहून अधिक शक्यता चालवून काढायला लावले. जे उत्तर आले ते दख्खनच्या उद्रेकाशी जुळणारे होते.

बेसाल्टवाट

शंकासूर, आपला पहिला मुद्दा बिनतोड आहे आणि तो कोणीही गंभीर संशोधक नाकारत नाही. दुसऱ्या मुद्द्यात मात्र एक भेद करावा लागेल. तो अभ्यास वायूंविषयी आणि हवामानाविषयी बोलतो. आघाताने अवघ्या काही महिन्यांत जे घडवले, ते लाखो वर्षांच्या गाळाच्या नोंदीत तसे उमटतच नाही.

विरुद्ध बाजूचा पुरावा असा. २०२० मध्ये येल विद्यापीठाच्या पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या समुद्रतळांतले तापमानाचे पुरावे एकत्र केले. आघाताच्या सुमारे दोन लाख वर्षे आधी पृथ्वी दोनेक अंशांनी तापली होती, पण आघात होण्यापूर्वी तापमान पुन्हा खाली आले होते. म्हणजे दख्खनचे निम्म्याहून अधिक वायू आघाताच्या बरेच आधी निघून गेले आणि सृष्टी त्यातून सावरली. त्याच वर्षी अल्फिओ कियारेन्झा यांच्या गटाने डायनोसॉरना राहण्याजोगा प्रदेश किती उरतो याचे संगणकीय चित्र मांडले. आघाताच्या हिवाळ्यात तो जवळजवळ नाहीसा होतो, लाव्हाच्या वायूंनी होत नाही. उलट लाव्हाच्या कार्बन डायऑक्साइडने गारठलेली पृथ्वी लवकर ऊबदार व्हायला हातभार लागला असावा, असेही त्यांनी सुचवले.

आणि २०२४ च्या डिसेंबरमधला अभ्यास तर मोरपीसताईंच्या दारातला आहे. कोलोरॅडो आणि नॉर्थ डकोटातल्या प्राचीन दलदलींच्या कोळशात जीवाणूंच्या पेशीपटलांतले रेणू टिकून आहेत. जिवंतपणी भोवतालचे तापमान जसे असेल तशी या रेणूंची रचना बदलते. त्यावरून लॉरेन ओकॉनर आणि सहकाऱ्यांना दिसले की आघाताच्या सुमारे ३० हजार वर्षे आधी तापमान पाचेक अंशांनी घसरले. पोलादपूरच्या झटक्यातल्या गंधकाने सूर्यप्रकाश अडवला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. पण आघाताच्या २० हजार वर्षे आधी तापमान पूर्ववत झाले होते.

माझे मत विचाराल तर, मारेकरी आकाशातून आला. पण सह्याद्रीने काहीच केले नाही असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. दूर उत्तर अमेरिकेतले तापमान पाच अंशांनी खाली आणण्याइतकी ताकद ज्या लाव्हात असावी, तो पोलादपूरच्या घाटात आपण रोज पाहतो.

रानजाई

मी वरोऱ्याची. लाव्हा आणि लघुग्रह यांत मरणाऱ्यांची चर्चा झाली, म्हणून जे इथे जगत होते त्यांच्याविषयी थोडे लिहिते.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत लाव्हाच्या खालच्या थरांमधले डायनोसॉरचे अवशेष सापडतात आणि त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही सापडतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांचा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात गवताच्या पानांतले सिलिकेचे कण निघाले, तेही एक नव्हे, पाच तऱ्हांच्या गवतांचे. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतेच असे पाठ्यपुस्तके सांगत होती. त्यातले काही कण भाताच्या कुळाशी नाते सांगणारे निघाले. आम्ही ज्या मातीत आज धान लावतो, तिथे भाताच्या दूरच्या पूर्वजाला डायनोसॉर चरत होते, हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात २०२३ मध्ये ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध झाली. तिकडच्या एका गावात लोक अशा गोल दगडांना काकड भैरव म्हणून पिढ्यानपिढ्या पूजत होते. नंतर ती डायनोसॉरची अंडी असल्याचे कळले.

वैराटगडताई, भाच्याने विचारले ना, आपल्याकडचे कसे मेले? अंजारजवळ लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात डायनोसॉरची हाडे आणि अंड्यांची टरफले मिळाली आहेत. म्हणजे पहिले थर वाहून गेल्यानंतरही ते परतले होते, अंडी घालत होते. लाव्हा आला की बाजूला होत असतील, निवला की परत येत असतील.

कोयनाकाठ

थोडे विषयाच्या कडेचे, पण याच खडकाचे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरच्यांनी भोगला आहे. तिथे भूकंप का होतात ते समजावे म्हणून या भागात खोल छिद्रे पाडली गेली. त्यांतले रासाटीचे छिद्र दीड किलोमीटरचे आहे. त्यात काळा पाषाण सुमारे ९३० मीटरपर्यंत मिळाला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक लागला, मध्ये गाळाचा थर नाही. पहिला लाव्हा थेट त्या उघड्या कातळावर पसरला. काढलेले गाभे लाकडी पेट्यांत ओळीने मांडलेले मी पाहिले आहेत. काळा, भोकांचा, लाल, पुन्हा काळा, असे एकामागून एक. दिवेघाट यांच्या आजोबांनी ते बघताक्षणी ओळखले असते.

अनुस्वार

एक शंका. आघाताच्या धक्क्यानेच इकडचा लाव्हा उसळला असे काहीतरी वाचले होते. मेक्सिको आणि भारत तेव्हा पृथ्वीच्या नेमक्या विरुद्ध बाजूंना होते का?

बेसाल्टवाट

नेमक्या विरुद्ध नव्हते. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्थानावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येतो अशा जागेवरून, उत्तरेकडे सरकत होता. तरीही कल्पना टाकाऊ नाही. २०१५ मध्ये मार्क रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी मांडले की लाव्हा आधीपासून वाहतच होता, पण आघाताने साऱ्या पृथ्वीला बसलेल्या हादऱ्याने त्याच्या वाटा मोकळ्या झाल्या आणि वाई उपगटाचे अफाट थर त्यानंतर आले. शोन यांच्या तारखा बरोबर असतील तर पोलादपूरचा झटका आघाताआधीच सुरू झाला होता, आणि मग ही कल्पना अडचणीत येते. स्प्रेन यांच्या तारखांत तिला जागा उरते. ताईंच्या गावाचे नाव आज ज्या प्रश्नाला जोडलेले आहे, तो हा प्रश्न आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

शंकासूर

सर, तापमान आधीच पूर्ववत झाले होते, या पुराव्यापुढे मी माझे मत सौम्य करतो. सायबेरियाचा दाखला मात्र मागे घेत नाही.

बेसाल्टवाट

घेऊही नका. तोच दाखला पुढच्या संशोधकांना कामाला लावणार आहे. सायबेरियात लाव्हाने कोळशाचे आणि मिठाचे थर जाळले, त्यातून जास्तीचे विषारी वायू निघाले असे मानतात. दख्खनचा लाव्हा बऱ्याच ठिकाणी कोयनेसारखा जुन्या, घट्ट खडकावर पसरला. फरक तिथे असू शकेल.

वैराटगड

सर्वांचे किती आभार मानू? आठवडाभर हे प्रतिसाद भाच्याला रोज रात्री वाचून दाखवले आणि काल रविवारी त्याला घेऊन महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरले.

सरांनी दिलेली थरांची नावे आणि रस्त्यावरची गावे एकच आहेत, हे त्याला निघण्यापूर्वी सांगितले होते. महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर. “म्हणजे आपण खाली जातोय की मागे जातोय?” असे त्याने विचारले आणि मी म्हटले, दोन्ही. घाटात रस्ता रुंद आहे अशा ठिकाणी थांबलो. कड्यात छातीएवढ्या उंचीवर लाल पट्टा होता, वर मांजऱ्या, त्याच्या भोकांत साखरेसारखे पांढरे स्फटिक. पट्ट्याच्या वरच्या कडेने ओल पाझरत होती आणि तिथे शेवाळ धरले होते, अगदी दिवेघाट यांनी लिहिले तसे. भाच्याने नखाने खरवडले, बोट लाल झाले. बराच वेळ तो बोटाकडेच बघत होता.

मग त्याला मी सांगितले ते असे. मोठा धोंडा मेक्सिकोत पडला, त्याची धूळ सगळ्या जगावर पसरली, ऊन अडले, झाडे वाळली आणि खायला उरले नाही, म्हणून आपल्याकडचेही मेले. त्याआधी आणि त्यानंतर हा आपला डोंगर वाहत होता. त्याने एकदा जग तापवले, एकदा गारठवले, पण त्यातून ते तगले होते. आणि धोंडा पडला तेव्हा या भिंतीत आपण नेमके कोणत्या उंचीवर असतो, ते अजून शोधतायत. सर, यात काही चुकले असेल तर सांगा.

बेसाल्टवाट

काहीही चुकले नाही. एकच भर घाला. नॉर्थ डकोटात आघाताच्या दिवशीच गाडल्या गेलेल्या माशांच्या हाडांवरून २०२२ मध्ये कळले की तिकडे तेव्हा वसंत ऋतू होता. भारत दक्षिण गोलार्धात होता, म्हणजे आपल्याकडे शरद.

वैराटगड

हे त्याला आत्ताच फोन करून सांगते. कड्याखाली सुटी पडलेली चिमूटभर लाल माती त्याने काड्यापेटीत भरून पुण्याला नेली आहे. पेटीवर त्याने लिहिले आहे: ‘६ कोटी ६० लाख वर्षे, थोडे कमीजास्त.’

गणिती

‘थोडे’ म्हणजे किती, तेही त्याला शेजारी लिहायला सांगा.